बडोद्याची शिष्यवृत्ती, मुंबईची वकिली, दिल्लीचे मंत्रिपद

(इयत्ता आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी अभ्यासलेख. पालकांनीही सवडीने वाचावा.)



गेल्या सत्रात नागरिकशास्त्राच्या तासाला आठवीतल्या एका मुलीने विचारले, "सर, वकीलही कायदा सांगतो आणि कायदेमंत्रीही कायदाच सांगतो. मग दोघांत फरक काय?" वर्गात हशा पिकला. प्रश्न मात्र हसण्यासारखा नव्हता. मी तेव्हा पुस्तकातले उत्तर दिले, की कायदा करणे हे कायदेमंडळाचे काम आणि तो लावणे हे न्यायालयाचे. मुलीने मान डोलावली, पण तिचे समाधान झाले नसावे. माझेही झाले नाही. या प्रश्नाचे उत्तर व्याख्येत सापडत नाही. ते एखाद्या माणसाच्या आयुष्यात सापडते. सुदैवाने असे एक आयुष्य आपल्या बडोद्याशी जवळून जोडलेले आहे.

डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांची जयंती आपण दरवर्षी १४ एप्रिलला साजरी करतो. भाषणांत "घटनेचे शिल्पकार" हे शब्द येतात, टाळ्या पडतात, हार घातला जातो. आज आपण हार बाजूला ठेवून त्यांच्याकडे फक्त एक वकील आणि पुढे एक मंत्री म्हणून पाहू. पुणे करार, येवल्याची घोषणा, धर्मांतर हे विषय मोठे आहेत. ते स्वतंत्र लेखाचे आहेत, म्हणून इथे घेतलेले नाहीत.

एक करारपत्र

भीमराव १९०७ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाले. त्यांच्यावर लोभ असलेले कृष्णाजी अर्जुन केळूसकर गुरुजी यांनी पुढे त्यांची गाठ श्रीमंत सयाजीराव महाराजांशी घालून दिली. महाराजांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती सुरू केली आणि भीमराव बी.ए. झाले. जानेवारी १९१३ मध्ये ते नोकरीसाठी बडोद्यास आले. थोडेच दिवस झाले असतील, तोच वडील आजारी असल्याची तार आली. चरित्रकार सांगतात, की परतताना वडिलांसाठी मिठाई घ्यावी म्हणून ते सुरत स्टेशनवर उतरले आणि गाडी चुकली. मुंबईस पोहोचायला उशीर झाला. २ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार रामजी वारले.

त्याच वर्षी महाराज होतकरू विद्यार्थ्यांना अमेरिकेला पाठवत होते. भीमरावांची निवड झाली आणि ४ जून १९१३ रोजी करारपत्रावर सही झाली. संस्थानने तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड द्यावेत आणि विद्यार्थ्याने परत आल्यावर दहा वर्षे बडोदे सरकारची नोकरी करावी, असा तो करार. जुलै महिन्यात भीमराव न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. १९१५ साली एम.ए., १९१६ साली प्रबंध, आणि तिथून लंडन. लंडनमध्ये त्यांनी अर्थशास्त्राबरोबर ग्रेज इन या बॅरिस्टरीच्या संस्थेतही नाव घातले. तोपर्यंत शिष्यवृत्तीची मुदत संपली. अभ्यास अर्धा टाकून १९१७ च्या ऑगस्टमध्ये ते हिंदुस्थानात परतले. कराराप्रमाणे बडोद्याची नोकरी करायची होती.

सयाजीराव महाराजांचे हे संस्थान त्या काळी सुधारणेत पुढे होते. बालविवाह प्रतिबंधाचा कायदा इथे १९०४ साली झाला. सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण १९०६ पासून सर्व राज्यात लागू झाले. अस्पृश्य मुलांसाठी शाळा होत्या, वसतिगृहे होती. म्हणजे कायदा चांगला होता, राजा चांगला होता आणि हातात करारपत्रही होते. इतके असूनही काय झाले ते पाहा.

अकरा दिवस

ही हकीकत खुद्द डॉ. आंबेडकरांनी लिहून ठेवली आहे. "वेटिंग फॉर अ व्हिसा" या नावाच्या छोट्या आत्मकथनात ती आहे. मोठ्या मुलांनी ते मिळवून जरूर वाचावे. पाने थोडी आहेत आणि इंग्रजी सोपे आहे.

सप्टेंबर १९१७ मध्ये ते बडोद्याच्या स्टेशनवर उतरले तेव्हा त्यांच्यापुढे पहिला प्रश्न होता की जायचे कुठे. हिंदू हॉटेलात जागा मिळणार नाही हे त्यांना ठाऊक होते. जात लपवून राहावे तर उघडकीस आल्यावर मार ठरलेला. शेवटी ते एका पारशी उतारशाळेत गेले. तिथला नियम असा, की पारशी नसलेल्यास राहता येत नाही. मग रखवालदाराशी बोलणे होऊन वहीत पारशी नाव लिहायचे ठरले आणि दिवसाला दीड रुपया भाड्याने वरच्या मजल्यावरची एक लहान खोली मिळाली. दुसरे कोणी उतारू तिथे नव्हते. शेजारच्या दालनात मोडके सामान भरलेले. विजेचा दिवा नाही. संध्याकाळ झाली की कंदिलाच्या उजेडात वाचत बसायचे.

अकाउंटंट जनरलच्या कचेरीत त्यांची उमेदवार म्हणून नेमणूक झाली होती. महाराजांच्या मनात त्यांना पुढे अर्थखात्याच्या मोठ्या जागेवर आणायचे होते. पण कचेरीतले शिपाई कागद हातात न देता टेबलावर फेकत. पिण्याच्या पाण्याचीही अडचण होती. अकराव्या दिवशी सकाळी ते कामावर निघण्याच्या तयारीत असताना दहाबारा पारशी गृहस्थ काठ्या घेऊन जिन्यावर आले. उतारशाळा बाटवलीस, संध्याकाळपर्यंत खोली सोड, असे त्यांनी बजावले. भीमरावांचे बडोद्यात दोन मित्र होते, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. दोघांकडे त्यांनी आसरा मागितला. हिंदू मित्र म्हणाला, तू आलास तर घरातले नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्र म्हणाला, पत्नीला विचारावे लागेल. त्या उत्तराचा अर्थ भीमरावांना कळला. रात्रीच्या गाडीला चारपाच तास होते. ते त्यांनी कमाटीबागेत, म्हणजे आपल्या सयाजीबागेत, बसून काढले. त्या बागेतली वडाखालची जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते.

परदेशी विद्यापीठातला एम.ए., दहा वर्षांचा करार, खुद्द महाराजांचा आश्रय, आणि शहरात एक खोली मिळू नये! करारात पैसा होता, मुदत होती, नोकरी होती. या माणसाला राहायला जागा कोण देणार, याचा विचार मात्र कोणी केलेला नव्हता.

इथे पालकांसाठी आणि विश्वस्त मंडळींसाठी थोडे स्पष्ट लिहितो. शिष्यवृत्तीची गोष्ट आपण बडोदेकर अभिमानाने सांगतो, आणि ती सांगावीच. पण अकरा दिवसांची गोष्ट आपण हळू आवाजात सांगतो, किंवा "उतारशाळेतले लोक तसे होते" म्हणून दुसऱ्यावर ढकलतो. संस्थानच्या कचेऱ्यांत मराठी कारकून आणि अधिकारी काही थोडे नव्हते. आपल्यापैकी अनेकांचे पणजोबा त्याच निमित्ताने या शहरात आले. त्यांच्यापैकी कोणाचेही दार त्या संध्याकाळी उघडले नाही. मुलांना दोन्ही गोष्टी एकाच तासाला सांगितल्या पाहिजेत, असे माझे मत आहे.

सनद

बडोदे सोडल्यावर भीमरावांनी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राची प्राध्यापकी केली. साठवलेले पैसे आणि इतरांची मदत घेऊन १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. मदत करणाऱ्यांत कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज होते. १९२२ साली ते बॅरिस्टर झाले आणि १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाला लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. मिळाली.

मुंबईत वकिली सुरू करायची तर सनद हवी आणि सनदेला पैसे लागतात. ते पैसे दिले नवल भथेना या मित्राने. हे गृहस्थ पारशी, कोलंबियातले त्यांचे सहाध्यायी. बडोद्याच्या जिन्यावर काठी घेऊन उभे होते तेही पारशी आणि सनदेचे पैसे पुढे करणारा हाही पारशी. एका घटनेवरून अख्ख्या समाजावर शिक्का मारू नये, हे वेगळे सांगायला नको.

वकिली लगेच चालली असे समजू नका. उच्च न्यायालयात बॅरिस्टरकडे काम येते ते सॉलिसिटरमार्फत आणि बहुतेक सॉलिसिटर या बॅरिस्टरकडे फिरकत नसत. उत्पन्नासाठी त्यांनी बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सीच्या वर्गात व्यापारी कायदा शिकवला. हळूहळू कामे येऊ लागली. १९२६ साली "देशाचे दुश्मन" या पुस्तकावरून झालेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात केशवराव जेधे, दिनकरराव जवळकर प्रभृतींना खालच्या न्यायालयात शिक्षा झाली होती. अपिलात डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि ते सुटले. १९३४ साली रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या "समाजस्वास्थ्य" मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यातही बचावाला आंबेडकरच होते. तो खटला ते हरले. मोठा वकील प्रत्येक खटला जिंकतो हा चित्रपटांनी करून दिलेला समज आहे. कर्व्यांचे म्हणणे बरोबर होते हे आज बहुतेकांना पटेल, पण १९३४ च्या न्यायालयापुढे १९३४ चा कायदा होता.

पुढे १९३५ साली ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्यही झाले.

तळ्याचा दावा

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. महाडचे चवदार तळे तुम्हाला इतिहासाच्या पुस्तकात भेटले आहे. मुंबई कायदेमंडळात १९२३ साली रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला, की सरकारी खर्चाने चालणारी पाणवठ्याची व इतर सार्वजनिक ठिकाणे अस्पृश्यांना खुली असावीत. महाड नगरपालिकेने १९२४ साली आपले तळे खुले केल्याचा ठरावही केला. पण ठराव कागदावर आणि तळे जागच्या जागी. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि हजारो सत्याग्रही त्या तळ्यावर गेले आणि पाणी प्याले.

पुस्तकात धडा इथे किंवा डिसेंबरच्या मनुस्मृतिदहनापाशी संपतो. खटल्याची गोष्ट पुस्तकात नसते, आणि माझ्या दृष्टीने अभ्यासाचा भाग तोच आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या काही सवर्ण मंडळींनी दिवाणी दावा लावला. तळे आमचे आहे, अस्पृश्यांनी तिथे पाणी न भरण्याची वहिवाट पुरातन आहे, म्हणून त्यांना कायमची मनाई करावी, अशी त्यांची मागणी होती. न्यायालयाने आधी तात्पुरता मनाईहुकूम दिला. पुढे १९२८ मध्ये तो उठला. पण दावा चालूच राहिला. खालच्या न्यायालयाचा निकाल १९३१ साली लागला, अपिलाचा १९३३ साली, आणि मुंबई उच्च न्यायालयाने शेवटचा निकाल दिला तो १७ मार्च १९३७ रोजी. या दाव्यात आंबेडकर स्वतः प्रतिवादी होते. निकाल त्यांच्या बाजूने लागला.

म्हणजे ओंजळभर पाण्याच्या हक्कासाठी कोर्टाची दहा वर्षे! दाव्याच्या सुरुवातीला जन्मलेले मूल निकालाच्या दिवशी चौथी-पाचवीत असेल.

उच्च न्यायालयाने काय म्हटले ते नीट समजून घ्या, कारण खरी मेख तिथे आहे. तळे नगरपालिकेचे आहे आणि वादींनी सांगितलेली वहिवाट अनादिकाळापासूनची असल्याचे सिद्ध झालेले नाही, असे न्यायालयाने सांगितले. माणसाला पाण्यावरून अडवणे हेच चूक आहे, असे न्यायालय म्हणाले नाही. तसे म्हणण्यासाठी त्याच्या हाती कायदाच नव्हता. समजा, वादींनी जुनी कागदपत्रे आणून वहिवाट सिद्ध केली असती तर? मग तोच वकील, तेच न्यायाधीश, आणि निकाल कदाचित उलटा लागला असता.

मुली, तुझ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथे मिळते. वकील असलेल्या कायद्यात वाट शोधतो. कायद्यात वाटच नसेल तर उत्तम वकीलही काही करू शकत नाही. फार तर तो विरुद्ध बाजूच्या पुराव्यातले भोक दाखवू शकतो.

फ्रान्समधले एक उदाहरण

हा अनुभव एकट्या आपल्या देशातला नाही. फ्रान्समध्ये रोबेर बादँतेर नावाचे वकील होऊन गेले. १९७२ साली त्यांच्या एका अशिलाला, रोजे बोंतँ याला, गिलोटिनवर मृत्युदंड देण्यात आला. बोंतँने स्वतः खून केला नव्हता हे न्यायालयाने मान्य केले होते, तरी त्याला तीच शिक्षा झाली. अशिलाला वाचवता आले नाही याची सल बादँतेर यांना आयुष्यभर राहिली. पुढे दुसऱ्या खटल्यांत त्यांनी आरोपींना फाशीपासून वाचवले. पण एकेक माणूस वाचवून कायदा बदलत नाही. १९८१ साली ते फ्रान्सचे न्यायमंत्री झाले आणि सप्टेंबरमध्ये त्यांनी मृत्युदंड रद्द करण्याचे विधेयक संसदेत मांडले. ९ ऑक्टोबर १९८१ रोजी त्याचा कायदा झाला. बादँतेर २०२४ साली वारले.

वकील म्हणून जिथे हात टेकावे लागले, तिथेच मंत्री म्हणून हात घालायचा, असा हा प्रकार आहे. आंबेडकरांनी ते बादँतेर यांच्या आधी तीन दशके केले. फरक एवढाच, की बादँतेर अशिलासाठी लढत होते आणि आंबेडकर अनेकदा स्वतःच अशील होते.

मंत्रिपद

डॉ. आंबेडकर पहिल्यांदा मंत्रिपदाच्या तोडीच्या जागेवर आले ते १९४२ साली. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात त्यांच्याकडे मजूर खाते होते आणि ते १९४६ पर्यंत राहिले. या चार वर्षांबद्दल आपल्याकडे फार कमी बोलले जाते. सरकार, मालक आणि कामगार यांना एका टेबलाशी बसवणाऱ्या परिषदा, दामोदर खोऱ्याच्या योजनेची पूर्वतयारी ही कामे या काळातली. १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतल्या कामाचे आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले. बडोद्यातल्या ज्या घरांत गिरणीत किंवा कारखान्यात पाळी करणारे आजोबा होते, त्यांना सहा तासांचे मोल विचारा.

१५ ऑगस्ट १९४७ च्या पहिल्या मंत्रिमंडळात ते कायदेमंत्री झाले आणि २९ ऑगस्टला घटनेच्या मसुदा समितीवर नेमले गेले. ते या समितीचे अध्यक्ष झाले. समितीत सात जण होते आणि त्यांपैकी एक होते सर ब्रजेंद्रलाल मित्र, बडोदे संस्थानचे दिवाण. घटना समितीत सामील होणाऱ्या संस्थानांत बडोदे अगदी आघाडीवर होते आणि दिवाणसाहेब तिथे बडोद्याचे प्रतिनिधी म्हणून गेले होते. ते पुढे समितीतून बाहेर पडले आणि त्यांच्या जागी एन. माधव राव आले. पण क्षणभर चित्र डोळ्यांपुढे आणा. १९१७ साली ज्या संस्थानच्या कचेरीत भीमरावांच्या टेबलावर कागद फेकले जात होते, त्या संस्थानचा दिवाण १९४७ साली त्यांच्या अध्यक्षतेखाली सदस्य म्हणून बसला होता. तीस वर्षे मध्ये गेली होती.

आता राज्यघटनेचे कलम १५ काढा. ग्रंथालयात मराठी प्रत आहे. त्याचा दुसरा भाग वाचा. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कोणाही नागरिकाला दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले यांत जाण्यास आडकाठी करता येणार नाही. तसेच सार्वजनिक विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते वापरण्यासही करता येणार नाही. कायद्याच्या भाषेत हे किती कोरडे वाटते! पण "हॉटेले" या शब्दाशी थांबा आणि बडोद्यातली ती खोली आठवा. "तलाव" या शब्दाशी थांबा आणि महाड आठवा. मग कलम १७ पाहा. त्याने अस्पृश्यताच नष्ट केली. आणि कलम १३ तर वकिलाच्या नजरेने वाचण्यासारखे आहे. मूलभूत हक्कांना बाध आणणारा कायदा रद्द ठरेल, असे ते म्हणते आणि "कायदा" या शब्दात रूढी व परिपाठ यांचाही समावेश करते. महाडच्या वादींचा सगळा डोलारा ज्या वहिवाटीवर उभा होता, ती वहिवाट आता सिद्ध झाली तरी उपयोगाची नाही.

ही कलमे आंबेडकरांनी एकट्याने लिहिली असे मात्र परीक्षेत लिहू नका. मूलभूत हक्कांसाठी वेगळी उपसमिती होती. तिचे ते एक सदस्य होते आणि मार्च १९४७ मध्ये त्यांनी तिला आपले सविस्तर निवेदनही दिले होते. पुढे मसुदा समिती, मग पूर्ण सभा, अशा अनेक हातांतून ही कलमे गेली. सभेत मसुद्याची बाजू कलमागून कलम लढवण्याचे काम त्यांनी केले, तेही प्रकृती साथ देत नसताना. थेट सर्वोच्च न्यायालयात दाद मागण्याचा हक्क देणाऱ्या कलम ३२ ला त्यांनी घटनेचा आत्मा मानले. कोर्टाच्या पायऱ्या दहा वर्षे चढलेल्या माणसाने ते म्हणावे, याला अर्थ आहे. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना स्वीकारली गेली.

जे विधेयक अडले

इथपर्यंत गोष्ट यशाची आहे आणि बहुतेक भाषणे इथेच थांबतात. कायदेमंत्र्यांच्या टेबलावर आणखी एक कागद होता, हिंदू कोड बिल. एका वेळी एकच विवाह, घटस्फोटाची सोय, आंतरजातीय विवाहास मान्यता, विधवेला मिळालेल्या मालमत्तेवर तिची पूर्ण मालकी, मुलीला वडिलांच्या मालमत्तेत वाटा, असे त्याचे स्वरूप होते. तयारी १९४१ पासून सर बी. एन. राव यांच्या समितीने केली होती. एप्रिल १९४८ मध्ये आंबेडकरांनी विधेयक प्रवर समितीकडे नेले.

आपल्या शहराला यात नवे फारसे नव्हते. बडोदे संस्थानात हिंदूंना घटस्फोट देणारा कायदा सयाजीराव महाराजांनी १९३१ सालीच केला होता. १ मे १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले तेव्हा बडोद्याच्या बायकांना अठरा वर्षे जो हक्क होता, तो देशाच्या पुष्कळ भागांत अजून वादाचा विषय होता. संसदेत मात्र विधेयकाला कडवा विरोध झाला. धर्म बुडेल, कुटुंब मोडेल, मुलीला वाटा दिला की भावाबहिणींत कोर्टबाजी होईल, असे आक्षेप आले. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांचाही विरोध होता. पंतप्रधान नेहरूंना विधेयक हवे होते, पण पहिली सार्वत्रिक निवडणूक तोंडावर आली होती. सप्टेंबर १९५१ मध्ये फक्त विवाह व घटस्फोटाचा भाग चर्चेला घेण्यात आला. चार कलमे मंजूर झाली आणि विधेयक सोडून देण्यात आले.

२७ सप्टेंबर १९५१ रोजी डॉ. आंबेडकरांनी राजीनाम्याचे पत्र दिले. ऑक्टोबरमध्ये ते संसदेत निवेदन करायला उभे राहिले. उपाध्यक्षांनी निवेदनाची प्रत आधी मागितली आणि संध्याकाळची वेळ दिली. ते सभागृहातून निघून गेले आणि निवेदन वृत्तपत्रांना दिले. राजीनाम्याचे कारण केवळ हिंदू कोड नव्हते. आपल्याला हवी ती खाती व मंत्रिमंडळाच्या समित्यांवर जागा न मिळणे, अनुसूचित जातींकडे होणारे दुर्लक्ष, परराष्ट्र धोरण आणि काश्मीर, हेही मुद्दे त्यात आहेत. पण सगळ्यांत जास्त जीव त्यांनी हिंदू कोडावर टाकला होता हे निवेदन वाचताना कळते.

इथे प्रश्नाचे उरलेले अर्धे उत्तर मिळते. मंत्र्याला कायदा बदलता येतो, पण एकट्याला नाही. वकिलाला एका न्यायाधीशाला पटवायचे असते, मंत्र्याला शेकडो सदस्यांना, आणि त्या प्रत्येकाच्या मागे त्याचे मतदार उभे असतात. वकील खटला हरला तर अपील करतो. मंत्री हरला तर काय करतो? डॉ. आंबेडकरांनी खुर्ची सोडली. १९५२ च्या निवडणुकीत ते मुंबईतून हरले आणि राज्यसभेवर गेले.

पुढे तेच विधेयक तुकडे करून मंजूर झाले. १९५५ साली हिंदू विवाह कायदा आला आणि १९५६ साली वारसा, पालकत्व व दत्तक यांचे कायदे आले. ते संसदेतून पार नेणारे कायदा खात्याचे मंत्री हरि विनायक पाटसकर, हेही मराठी वकीलच. डॉ. आंबेडकर तेव्हा राज्यसभेत होते. ६ डिसेंबर १९५६ रोजी ते वारले. वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळायला मात्र २००५ सालची दुरुस्ती यावी लागली.

आता अभ्यास. नववी-दहावीच्या वर्गात पुढच्या शनिवारी वादविवाद ठेवू. विषय असा: "सप्टेंबर १९५१ मध्ये डॉ. आंबेडकरांनी राजीनामा द्यायला हवा होता की मंत्रिमंडळात राहून झगडायला हवे होते?" दोन्ही बाजूंना मुद्दे आहेत. ज्याला जी बाजू पटत नाही, त्याने मुद्दाम तीच घ्यावी. वकिलाला तसे करावे लागते.

आठवीसाठी काम वेगळे. घरी आजीला किंवा आत्याला विचारा, की वडिलांच्या घरात किंवा शेतात तिचा वाटा होता का, आणि असल्यास तिने तो घेतला की भावाच्या नावे सोडून दिला. सोडून दिला असेल तर का, तेही विचारा आणि तिचे उत्तर तिच्याच शब्दांत वहीत लिहून आणा. पालकांना विनंती, की त्या वेळी मुलाला दुसऱ्या खोलीत पाठवू नये.